फौजेत टेक्निकलला भरती व्हायचंय? फॉर्म भरायच्या आधीपासून चार वर्षांनंतरपर्यंत काय काय करायचं

गेल्या दिवाळीत माझा भाचा अंगणात बसून मला म्हणाला, मामा, अग्निवीर टेक्निकलला लागलो तर चार वर्षांत इंजिनिअर होऊन येईन ना? अग्निवीर म्हणजे फौजेतली चार वर्षांची भरती. मी म्हटलं, नाही. पोराचं तोंड एवढंसं झालं. मग जेवणं झाल्यावर त्याला घेऊन बसलो आणि रात्री साडेबारापर्यंत सगळं सांगितलं, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा लिहूनच काढायचं, कारण गावातली प्रत्येक आई मला रस्त्यात थांबवून हेच विचारते.

मी स्वतः ईएमई मध्ये होतो, म्हणजे फौजेच्या गाड्या, रणगाडे, तोफा, रडार असलं सगळं दुरुस्त करणारी कोर. गाड्यांचा मेकॅनिक, सतरा वर्षं नोकरी, हवालदार म्हणून पेन्शन आलो. फौजेने मला जे शिकवलं ते कुठल्या कॉलेजात शिकलो नसतो हे मी आजही मानतो. पण बाहेर आल्यावर जो फटका बसला तो कागदाचा बसला. हात तयार होता, कागद नव्हता. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात कागदांचं बोलणं जरा जास्त आहे, ते वगळून पुढे जाऊ नका.

आधी दार कुठलं ते ठरवा

टेक्निकल म्हटलं की पोरांना एकच फॉर्म माहिती असतो. पण दारं बरीच आहेत आणि चुकीच्या दारातून आत गेलं की नंतर बदलता येत नाही.

बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि इंग्लिश असेल, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात ४० टक्के, तर आर्मीचं अग्निवीर टेक्निकल तुमच्यासाठी आहे. बारावी सायन्स नाही केली पण दहावीला ५० टक्के आहेत, इंग्लिश, गणित, विज्ञानात ४० च्या वर आहात आणि नंतर दोन वर्षांचा आयटीआय किंवा डिप्लोमा केलाय, तरी हेच दार उघडं आहे. मोटर मेकॅनिक, फिटर, इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, ड्राफ्ट्समन, सर्व्हेयर असे ट्रेड चालतात, पूर्ण यादी जाहिरातीत असते. खेड्यातल्या पोराला मी तर सरळ सांगतो की दहावीनंतर आयटीआय कर, कारण बारावी सायन्स रडतखडत काढून शेवटी हातात काहीच येत नाही, आणि आयटीआय असला तर भरती नाही झाली तरी पोटाला काम आहे, शिवाय आर्मीच्या भरतीत आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना टेक्निकलसाठी बोनस गुण मिळतात. फक्त ट्रेड निवडताना बघा, डिझेल मेकॅनिक आणि वेल्डर हे एक वर्षाचे असतात, मोटर मेकॅनिक, फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे.

नेव्हीत अग्निवीर एसएसआर (बारावीवाल्यांची भरती) म्हणून जाता येतं, त्यासाठी बारावीला मॅथ्स आणि फिजिक्स लागतं. एअरफोर्सला अग्निवीरवायू, तिथे बारावीला मॅथ्स, फिजिक्स, इंग्लिश, एकूण ५० टक्के आणि इंग्लिशमध्ये वेगळे ५० टक्के. ह्या इंग्लिशच्या ५० टक्क्यांवर आपली किती पोरं अडकतात विचारू नका. तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांना नेव्ही आणि एअरफोर्स दोन्हीकडे जाता येतं. मुलींना पण नेव्ही आणि एअरफोर्सचं अग्निवीर खुलं आहे. आर्मीत मात्र मुलींची अग्निवीर भरती मिलिटरी पोलिसची असते, टेक्निकलची नाही, म्हणून टेक्निकल शिकायचं असेल तर मुलींनी ह्या दोन ठिकाणी लक्ष ठेवावं.

आता ज्याला खरंच इंजिनिअरची डिग्री पाहिजे त्याचं दार वेगळंच आहे आणि ते अधिकाऱ्याचं आहे. आर्मीची टीईएस म्हणजे टेन प्लस टू टेक्निकल एन्ट्री, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीला पीसीएम म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मध्ये ६० टक्के, जेईई मेन दिलेली पाहिजे, मग एसएसबी म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाची पाच दिवसांची मुलाखत. लेखी परीक्षा वेगळी नाही. निवड झाली की चार वर्षं ट्रेनिंग, त्यातली तीन वर्षं पुण्यातली सीएमई, महूची एमसीटीई किंवा सिकंदराबादची एमसीईएमई ह्या फौजेच्या इंजिनिअरिंग कॉलेजांपैकी एका ठिकाणी आणि एक वर्ष डेहराडूनला आयएमए ह्या अधिकाऱ्यांच्या अकॅडमीत, हातात इंजिनिअरिंगची डिग्री आणि खांद्यावर लेफ्टनंटचे स्टार, आणि शिक्षणाचा खर्च सरकारचा. ही सीएमई आपल्या दापोडीला आहे, पुणे मुंबई रोडवरून येता जाता लाखो लोक तिची भिंत बघतात पण आत बारावीच्या पोराला फुकट इंजिनिअर करतात हे किती जणांना माहीत आहे? नेव्हीची पण टेन प्लस टू बीटेक एन्ट्री आहे, पीसीएम मध्ये ७० टक्के लागतात, जेईई मेनच्या रँकवर एसएसबीला बोलावतात आणि केरळात एझिमला इथे नेव्हल अकॅडमीत चार वर्षं, डिग्री दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची. मुलींना पण घेतात. आणि खडकवासल्याची एनडीए, म्हणजे तिन्ही दलांचे अधिकारी घडवणारी अकॅडमी, आहेच, तिथे नेव्ही आणि एअरफोर्सच्या कॅडेटना बीटेक मिळते, २०२२ पासून मुली पण आहेत. पोरगं आठवी नववीत असेल आणि हुशार असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या एसपीआयची (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट) माहिती काढा, राज्य सरकारची संस्था आहे, १९७७ पासून दहावीनंतरच्या मुलांना अकरावी बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच नाशिकला सुरू झालीये.

हे एवढं सविस्तर एवढ्यासाठी सांगितलं की जेईई दिलेला पोरगा सुद्धा आमच्याकडे शिपाई भरतीच्या मैदानात पळताना बघितलाय मी. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता कागद

फॉर्म निघायच्या सहा महिने आधी एक फाइल करा. दहावीचं मार्कशीट काढा, शेजारी आधार आणि बाकीचे दाखले ठेवा आणि नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरानं अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर शेवटी, आईचं नाव एकीकडे सुनीता आणि दुसरीकडे सुनिता, बाप एकीकडे बाळू आणि दुसरीकडे बाळासाहेब. घरात हे चालतं, भरतीच्या टेबलावर नाही चालत. दुरुस्ती आधारमध्ये करून घ्या, ती त्यातल्या त्यात लवकर होते. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आणि चालू पाहिजे, नेट कॅफेवाल्याचा नंबर आणि त्याचा ईमेल टाकून फॉर्म भरू नका, अॅडमिट कार्ड त्याच्या मेलवर येतं आणि तो तोपर्यंत दुकान बंद करून गेलेला असतो.

अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, शाळेचा चारित्र्याचा दाखला, सरपंच किंवा नगरसेवकाचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला, पोलीस पडताळणी, एनसीसी असेल तर त्याचं सर्टिफिकेट, बाप माजी सैनिक असेल तर रिलेशनशिप सर्टिफिकेट. तहसीलच्या सेतूत दाखल्याला गर्दीच्या दिवसात महिना जातो, तेव्हा मे जूनमध्ये कॉलेजच्या अॅडमिशनच्या रांगेत उभं राहून तो काढायची वेळ आणू नका. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, आणि ओरिजिनल कुणाच्याही हातात द्यायचं नाही, भरतीच्या अधिकाऱ्याशिवाय. अॅकॅडमीवाले फी बाकी आहे म्हणून ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतात, देऊच नका.

टॅटू काढू नका. एवढंच सांगतो, नियम वाचत बसण्यापेक्षा काढूच नका.

फॉर्म आणि परीक्षा

वय साडेसतरा ते एकवीस असं धरून चाला, पण जाहिरातीत जन्मतारखेची जी चौकट दिली असेल तीच खरी. आर्मीचे फॉर्म साधारण फेब्रुवारी मार्चच्या आसपास जॉइन इंडियन आर्मीच्या सरकारी साइटवर निघतात. महाराष्ट्रात भरती कार्यालयं पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तुमचा जिल्हा कुठल्या ऑफिसला येतो ते बघा, गोव्याची मुलं कोल्हापूरच्या ऑफिसला येतात. नेव्ही आणि एअरफोर्सचे फॉर्म वेगळे, साइट वेगळी.

२०२३ पासून आर्मीत आधी कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा आणि मग मैदान असं झालंय. आमच्या वेळी उलटं होतं, आधी पळायचं मग लेखी. अजून पण अर्धी पोरं सकाळी पाचला उठून पळतात आणि पुस्तक मैदानात नाव आल्यावर उघडू म्हणतात, मैदानात नाव येतच नाही कारण लेखीतच गळतात. टेक्निकलला जनरल नॉलेज, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री असतं, बारावीच्या पातळीचं, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अकरावी बारावीची फिजिक्सची पुस्तकं इंग्लिश आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवून वाचा, कारण घर्षण म्हणजे फ्रिक्शन आणि संवेग म्हणजे मोमेंटम हे डोक्यात पक्कं नसलं तर येत असलेलं गणित सुटतं हातातून. पुढे ट्रेनिंगला पण सगळे शब्द इंग्लिशच असतात, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही.

आणि दलाल. भरतीला परीक्षेची ठरलेली फी सोडली तर एक रुपया लागत नाही. कुणी लाखात आकडा सांगितला तर तो चोर आहे, मग तो वर्दीत का असेना. अशी माणसं दहा पोरांकडून पैसे घेतात, त्यातली दोन आपल्या मेहनतीने लागतात, त्या दोघांचं नाव सांगून पुढच्या वर्षी परत वीस जणांना फसवतात.

मैदान आणि मेडिकल

आर्मीला १.६ किलोमीटर. साडेपाच मिनिटांत आलात तर पूर्ण ६० गुण, उशीर झाला तसे कमी. दहा बीम (पुलअप) काढले तर ४० गुण. नऊ फुटांची खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग बॅलन्स हे फक्त पास व्हायचं. नेव्हीत मुलांना हेच अंतर साडेसहा मिनिटांत आणि एअरफोर्सला सात मिनिटांत, मुलींना दोन्हीकडे आठ मिनिटं, आणि सोबत पुशअप, सिटअप, उठाबशा असतात. आर्मीत टेक्निकलला महाराष्ट्रातल्या मुलांना उंची १६७ सेंटिमीटर लागते. नेव्ही आणि एअरफोर्सला कमी चालते, म्हणून उंचीत थोडक्यात राहिलेल्यांनी घरी बसू नये. डांबरी रस्त्यावर रोज पळू नका, नडगी दुखायला लागते आणि ऐन भरतीत बसावं लागतं, मातीचा रस्ता किंवा शाळेचं ग्राउंड बघा.

मेडिकल हा असा टप्पा आहे की सगळं पार करून पोरं इथे रडत बाहेर येतात, आणि कारण बघाल तर कानातला मळ. खरंच. डॉक्टरला पडदा दिसत नाही, टेम्पररी अनफिट. जायच्या आधी पंधरा दिवस कान साफ करून घ्या डॉक्टरकडून, स्वतः काडी घालू नका. गुडघे एकमेकांना चिकटतात का, तळवे सपाट आहेत का, मूळव्याध, हायड्रोसिल (अंडकोशात पाणी साठणं), व्हेरिकोसिल (तिथल्या शिरा फुगणं), नाकाचं हाड वाकडं, दात किती, नजर आणि रंग ओळखणं, हे सगळं फॉर्म भरायच्या आधीच एखाद्या ओळखीच्या डॉक्टरला किंवा गावातल्या मेडिकल कोरच्या माजी सैनिकाला दाखवा. बऱ्याच गोष्टींचं ऑपरेशन होऊन माणूस फिट होतो पण त्याला वेळ द्यावा लागतो. आणि अनफिट लिहिलं म्हणून लगेच घरी पळू नका, परत तपासणीची संधी असते, मिलिटरी हॉस्पिटलला कुठल्या तारखेपर्यंत हजर व्हायचं ते विचारून कागद घेऊनच बाहेर पडा.

ट्रेनिंग

आधी एक कडू गोष्ट. टेक्निकलला लागलात म्हणजे ट्रेड तुम्ही निवडणार असं नाही. कोर आणि ट्रेड फौजेच्या गरजेप्रमाणे आणि तुमच्या मार्कांप्रमाणे मिळतो. मला रेडिओ पाहिजे होता, मिळाली गाडी. दोन महिने तोंड पाडून होतो. नंतर त्या गाडीनेच मला माणूस केलं.

ईएमईला लागलात तर सिकंदराबाद किंवा भोपाळ. सिग्नलला म्हणजे फौजेच्या दळणवळणाच्या कोरला जबलपूर किंवा आपलं गोवा. इंजिनिअर्सला गेलात तर खडकीचं बॉम्बे सॅपर्स. नेव्हीवाले सगळे आधी ओडिशात आयएनएस चिल्का, मग इंजिनकडचे लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकलवाले जामनगरला आयएनएस वलसुरा. एअरफोर्सचं ट्रेनिंग बेळगावला सांबऱ्याला, कोल्हापूर सांगलीच्या पोरांना घरचंच वाटेल.

आधी परेड, पीटी, फायरिंग, मग ट्रेडचं काम. माझा ट्रेडचा पहिला दिवस असा होता. उस्तादांनी, म्हणजे शिकवणाऱ्यांनी, प्रत्येकाला एक लोखंडी ठोकळा दिला, एक कानस आणि काटकोन बघायचा एक गुण्या. म्हणाले हा ठोकळा सपाट करा. बस एवढंच. कानस मारायची, गुण्या लावायचा, ठोकळा खिडकीच्या उजेडाकडे धरायचा, मधून उजेडाची रेघ दिसली की परत कानस. मला वाटलं तासाभराचं काम आहे. चार दिवस गेले. तळहाताला फोड, फोड फुटून परत फोड. चौथ्या दिवशी संध्याकाळी उस्तादांनी ठोकळा डोळ्यासमोर धरला, फिरवला, काही न बोलता टेबलावर ठेवला आणि पुढच्याकडे गेले. त्या न बोलण्याचा जो आनंद झाला तो अजून आठवतो. पुढे राजस्थानात रात्री दोनला एक स्टॅलियन, म्हणजे फौजेचा ट्रक, बंद पडलेला, इंजिन फिरतंय पण धरत नाही, मी डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू सैल केला आणि हातपंप मारत बसलो, आधी फेस आला, मग बुडबुडे, आणि हळूहळू डिझेलची सलग धार आली तेव्हा स्क्रू आवळला, लाईनमध्ये हवा धरली होती एवढंच. घाई न करता धार सलग होईपर्यंत थांबायचं हे त्या ठोकळ्याने शिकवलेलं.

म्हणून ट्रेनिंगला फालतू वाटणारं काम मन लावून करा. वही ठेवा, रोज काय शिकलो ते तारखेसकट लिहा. चार वर्षांत ट्रेनिंग पण धरलेलं आहे, म्हणजे प्रत्यक्ष शिकायला वेळ थोडा आहे, आमच्यासारखी सतरा वर्षं तुमच्याकडे नाहीत.

नोकरीत असताना कागद गोळा करा, हे सगळ्यात महत्त्वाचं

मी रिटायर झाल्यावर पुण्याकडे एका कंपनीत गेलो. वर्कशॉपमधल्या साहेबाने मला एक इंजिन दाखवलं, आवाज ऐकून मी दोष सांगितला, तो खूश. मग ऑफिसात पाठवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, डिप्लोमा? नाही. आयटीआय? नाही. मग कोर्सची सर्टिफिकेट? मी तीन कोर्स केले होते, एकाचाही कागद माझ्याजवळ नव्हता, कारण युनिटमध्ये असताना कधी मागितलाच नाही, सगळं रेकॉर्डमध्ये आहे म्हणून निवांत होतो. हेल्परच्या पगारावर ये म्हणाले. माझ्याच बरोबरचा एक नाईक (हवालदाराच्या खालची रँक), त्याने प्रत्येक कोर्सचा कागद, ट्रेड टेस्टचा निकाल, सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवलेलं, तो दुसरीकडे सुपरवायझर लागला. त्याला माझ्यापेक्षा काम जास्त येत होतं असं नाही.

तेव्हा कोर्स संपला की त्याच आठवड्यात क्लार्ककडून कागद घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवू नका जिथे परवानगी नाही तिथे, सरळ घरी आईकडे रजिस्टर पोस्टाने झेरॉक्स पाठवा. ड्रायव्हिंगचं काम करत असाल तर सुट्टीत येऊन सिव्हिलचं हेवी लायसन्स काढा.

शिक्षणाचं म्हणाल तर दहावीवर गेलेल्यांना एनआयओएस ह्या सरकारी मुक्त शाळेतून बारावीचं सर्टिफिकेट मिळायची सोय केलीये. बारावीवाल्यांना इग्नू ह्या मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची डिग्री आहे, त्यात अर्धे क्रेडिट तुमच्या फौजेतल्या ट्रेनिंगचे धरतात आणि अर्धे अभ्यासाचे विषय. ही डिग्री घ्याच, स्पर्धा परीक्षेला बसायला पदवी लागते. पण ही इंजिनिअरिंगची डिग्री नाही, ह्यात गल्लत करू नका. नाव नोंदवायला शेवटच्या वर्षाची वाट बघू नका, पोस्टिंग लांब पडली, रेंज नसली की सहा महिने असेच जातात.

पैसे

पहिल्या वर्षी महिना ३० हजार, मग ३३, मग साडेछत्तीस, चौथ्या वर्षी ४० हजार. ह्यातले ३० टक्के कापून सेवा निधीत, म्हणजे शेवटी एकरकमी मिळणाऱ्या फंडात, जातात आणि तेवढेच सरकार टाकतं, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१ हजार. चार वर्षांनी दोन्ही मिळून १० लाख ४ हजार आणि त्यावर व्याज, सगळे मिळून पावणेबारा लाखांच्या आसपास, टॅक्स नाही. नोकरीत असताना ४८ लाखांचा विमा. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, बाहेर आल्यावर माजी सैनिकाचं कँटीन आणि दवाखाना पण नाही. हे आईबापाला आधीच सांगा, कारण घरचे अजून आजोबांच्या पेन्शनच्या हिशोबात असतात. चार वर्षं लग्न पण करता येत नाही.

आणि त्या पैशावर घराचा स्लॅब टाकू नका. माझं हे बोलणं गावात कुणाला आवडत नाही, पण तो पैसा तुमच्या पुढच्या शिक्षणाचा आहे.

चार वर्षांनंतर

बॅचमधल्या २५ टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे पंधरा वर्षांसाठी कायम ठेवतात. त्यात यायचं असेल तर पहिल्या दिवसापासूनची शिस्त, फायरिंग, ट्रेड टेस्ट सगळं मोजलं जातं. २०२२ च्या शेवटी गेलेली पहिली बॅच २०२६ च्या अखेरीस बाहेर पडते.

बाकीच्यांसाठी माझा सल्ला. दोन वर्षांचा आयटीआय करून गेला असाल तर आल्यावर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला अॅडमिशन घ्या, दोन वर्षांत डिप्लोमा, आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगला परत थेट दुसरं वर्ष. वय तेवीस चोवीस असेल, स्वतःच्या खिशातले पैसे असतील आणि हातात कामाचा अनुभव असेल. माझ्या भाच्याने विचारलं होतं ना इंजिनिअर होईन का, तर त्याला हीच वाट सांगितली, चार वर्षांत नाही पण नऊ वर्षांत होशील, बापाचा एक रुपया न घेता.

सध्या तो मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी येतो, आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं झाकण काढून बसतो. आधारवर त्याचं नाव चुकलं होतं ते मागच्या महिन्यात बदलून आणलं, फाइलमध्ये अधिवासाचा दाखला तेवढा यायचा बाकी आहे.